पेल एलचं पाणी: ‘जड’ या शब्दाचा घोळ

बोअरचं पाणी जड, आणि हॉप्स या फुलांमुळे कडवट लागणारी पेल एल ही फिक्या रंगाची बिअर नावारूपाला आली तीही जड पाण्यातच. मग पाण्यावर वेगळी मेहनत कशाला? मराठवाड्यात हा हिशेब पटकन पटतो, पण तो चुकीचा आहे. ‘जड’ या एका शब्दात दोन जातींचं पाणी अडकलंय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून हिंदुस्थानात फिकी एल येत होती. लांबच्या जहाजप्रवासासाठी ती मुद्दाम शोधली, असं हमखास सांगितलं जातं. पण पोर्टर ही काळी बिअरही त्याच मार्गाने यायची आणि टिकायची. खरं वळण 1820 च्या दशकातलं. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या बिअर कारखानदारांनी हा व्यापार उचलला, आणि त्यांच्या विहिरींचं पाणी जिप्सम या कॅल्शियम सल्फेटच्या खनिजातून झिरपलेलं होतं, म्हणजे सल्फेटचं. सल्फेटमुळे कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. लंडनच्या विहिरींचं पाणीही जडच, पण बायकार्बोनेटचं. त्यात काळी बिअर उत्तम व्हायची, कारण भाजलेल्या माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या सातूचं) आम्ल बायकार्बोनेटला पुरून उरतं. फिक्या माल्टमध्ये तेवढा जोर नसतो.

आपला काळा कातळ लंडनच्या पंगतीत बसतो. इथल्या बोअरमध्ये बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट असतं. पातेल्याच्या बुडाला धरणारा पांढरा खवला त्यातूनच येतो. असं पाणी तसंच वापरलं की मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच 5.2 ते 5.5 ऐवजी 5.8 च्या पुढे सरकतो. मग सातूच्या टरफलातलं टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं, रंग गडद येतो आणि कडवटपणा जिभेवरून न उतरता घशात चिकटून बसतो. अशा वेळी हॉप्स कमी करून काहीही साधत नाही. दोष हॉप्सच्या उकळीत नाही, मॅशमध्ये आहे.

पुढे 1972 मध्ये अमेरिकेत कॅस्केड हे मोसंबीवर्गीय वासाचं हॉप्स वाण आलं आणि 1990 च्या दशकात ‘डबल’ म्हणजे आणखी कडक प्रकार निघाले. तोवर पाणी हवं तसं घडवता येऊ लागलं होतं. आजचं माप साधारण असं: 20 लिटरसाठी 6 किलो पेल माल्ट, 300 ग्रॅम क्रिस्टल माल्ट, 66 अंशांवर तासभर मॅश, सुरुवातीची घनता 1.065 च्या आसपास, आंबवण 18 ते 20 अंशांवर, शेवटचे तीन-चार दिवस 80 ते 100 ग्रॅम कोरडे हॉप्स. मे महिन्यात खोलीच्या तापमानावर सोडलं तर स्पिरिटसारखा झणका येतो.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे, घरापुरतीही. म्हणून हे माप परवानाधारकांच्या चाचणीच्या घाण्यासाठी, किंवा जिथे घरी करणं कायदेशीर आहे तिथल्या आपल्या माणसांसाठी.

पाणी एकूण 31 लिटर लागतं: सहा-सव्वासहा लिटर धान्य पितं, साडेतीन वाफेत जातं, थोडं गाळात. आरओचं पाणी घेतलं तर त्यात 12 ग्रॅम जिप्सम. सल्फेट लिटरला 215 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पण आरओ जेवढं देतं त्याहून जास्त बहुधा मोरीत सोडतं. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि न्यायालयाने मराठवाड्यातल्या बिअर कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापलं. त्या भागात हा मार्ग पहिला असू नये. बोअरच्या पाण्यात जिप्सम घालून वीस मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर निवू द्या, सकाळी तळाचा पांढरा थर न हलवता वरचं पाणी अलगद काढून घ्या. बरंचसं बायकार्बोनेट बुडाशी राहतं. उरलेल्यासाठी लॅक्टिक आम्लाचे थेंब, पीएच मोजत मोजत. बोअर खारं असेल तर मात्र उकळून भागत नाही. सोडियम तळाशी बसतच नाही. तिथे नदीचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिसळावं लागतं.