कापराचं भावंड, क्षेपणास्त्राच्या पोटात

आरतीच्या तबकात जळणाऱ्या कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ असतो. त्यातला ऑक्सिजन वजा करा. उरलेला हिशेब तंतोतंत जेपी-१० चा, म्हणजे अमेरिकेच्या टॉमाहॉक क्षेपणास्त्रातल्या इंधनाचा.

टॉमाहॉकमध्ये प्रवासी विमानांत असतं त्याच जातीचं, पण छोटं टर्बोफॅन इंजिन असतं. मग विमानाचं साधं इंधन, म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेलच, का नको? अडचण जागेची आहे. हे क्षेपणास्त्र पाणबुडीच्या ५३३ मिलिमीटरच्या टॉर्पेडो नळीतूनही सुटतं, त्यामुळे त्याची जाडी ५२ सेंटिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. टाकी वाढवता येत नाही म्हटल्यावर इंधन किलोवर नव्हे, लिटरवर तोलायचं. किलोमागे जेपी-१० रॉकेलपेक्षा किंचित कमीच ऊर्जा देतं. पण एक लिटर रॉकेल भरतं सुमारे ८०० ग्रॅम, तर जेपी-१० भरतं ९४० ग्रॅम. म्हणून लिटरमागे रॉकेलचे ३५ मेगाज्यूल, याचे साडेएकोणचाळीसच्या आसपास.

डब्यात लांब शेवया भरल्या की फटी राहतात, चुरून भरल्या की जास्त मावतात, तसंच काहीसं. फक्त इथे चुरा होत नाही, रेणूची घडी पडते: कापरासारखीच कार्बनची कडी पुलाने एकमेकांत गुंतवलेली.

खरी गंमत ही घडी घालण्यात आहे. नाफ्था या खनिज तेलातून निघणाऱ्या द्रवाचे रेणू तापवून तोडले की सायक्लोपेंटाडाइन मिळतं. ते नुसतं ठेवलं तरी त्याचे दोन-दोन रेणू आपोआप जुळतात. या जोडीला वासही कापराच्या वळणाचा, पण उग्र. तिला हायड्रोजन दिला की हाती येतो पांढरा घन पदार्थ, जो ७७ अंशांच्या आसपास वितळतो. इंजिनाला तो काय कामाचा? त्यातलं एक कडं आतल्या बाजूला वळलेलं असतं. ॲल्युमिनियम क्लोराइडसारख्या उत्प्रेरकाने ते बाहेर वळवलं की तोच पदार्थ उणे ७९ अंशांपर्यंत द्रव राहतो. बी-५२ बाँबरच्या पंखाखाली गारठ्यात तासन्‌तास लटकणाऱ्या दुसऱ्या क्षेपणास्त्रांनाही नेमकं हेच लागतं.

पण तिथेच थांबायला हवं. क्रिया पुढे रेटली तर रेणू आणखी घट्ट होऊन अ‍ॅडामँटेन बनतं: हिऱ्याच्या जाळीचा जणू एक तुकडा, २७० अंशांना वितळणारा. अमेरिकी रसायनतज्ज्ञ पॉल श्लायर यांनी १९५७ मध्ये ते याच वाटेने बनवलं. घन, द्रव, पुन्हा घन, आणि तिन्हींत एकही अणू कमी-जास्त नाही!

याहून जड इंधनंही झाली. आरजे-५ तर पाण्यापेक्षा जड, पण थंडीत काकवीसारखं दाटायचं, म्हणून ते पातळ इंधनात मिसळून वापरावं लागे. जेपी-१० महाग आहे, पण टाकी मोठी करायची सोय असलेल्या प्रवासी विमानाला त्याची गरजही नाही.

आता पेट्रोलियमला पर्याय म्हणून चीड-पाइनच्या डिंकातल्या पायनीनचे रेणू जोडून जवळपास जेपी-१० एवढंच जड द्रव इंधन अमेरिकी नौदलाच्या कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथल्या रसायनतज्ज्ञांनी बनवून पाहिलंय. देवघरातला कारखानी कापूरही याच पायनीनपासून बनतो.