शिडाच्या बोटीसाठी सोलर पॅनल निवडणं

शिडाची बोट चालते वाऱ्यावर, पण तिच्यावरचा फ्रिज, ऑटोपायलट, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, रात्रीचे दिवे हे सगळं चालतं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी भरायला रोज इंजिन सुरू करावं लागू नये म्हणून सोलर पॅनल लावतात. घराच्या गच्चीवरचा हिशोब इथे जसाच्या तसा लागत नाही. गच्चीवर सावली नसलेली जागा शोधता येते, बोटीवर मात्र डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), दोर आणि खुद्द शीड यांची सावली दिवसभर फिरत असते. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की आधी सावली बघायची, वॅट नंतर.

सावली एवढी नडते कारण पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक झाकला गेला की पूर्ण रांगेचा करंट अडतो. १०० वॅटच्या साध्या पॅनलात ३६ सेल आणि बहुतेक वेळा दोनच बायपास डायोड (झाकलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे) असतात, म्हणजे बूमची सावली एका कोपऱ्यावर आली तरी अर्धं पॅनल गेल्यात जमा. म्हणून एक मोठं घेण्यापेक्षा दोन-तीन लहान पॅनल घ्यावीत, पॅरलल जोडावीत, आणि खर्च झेपत असेल तर प्रत्येकाला वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं चार्जर-यंत्र) द्यावा. स्वस्तातला, साध्या पद्धतीचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलचे १८ व्होल्ट बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली ओढतो, तिथेच पाव हिस्सा वाया, आणि घरगुती ३० व्होल्टवालं पॅनल त्याला जोडलं तर निम्म्याहून जास्त वाया जातं.

किती वॅट हवेत हे आपल्या वापरावर. फ्रिजचे दिवसाला ४०-५० अँपिअर-तास, ऑटोपायलट आणि बाकीचं धरून १०० च्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टच्या हिशोबाने साधारण १२०० वॅट-तास. आपल्याकडच्या उन्हात १०० वॅटचं आडवं पॅनल चांगल्या दिवशी ३००-४०० वॅट-तास देतं, तेव्हा ४०० वॅट लावले की निभावतं. घरासारखा दक्षिणेला कल द्यायच्या भानगडीत पडू नये, नांगरावरची बोट वारा आणि भरती-ओहोटीबरोबर फिरतच राहते.

काचेचं पॅनल जड, पण वर्षानुवर्षं टिकतं, ते मागच्या स्टीलच्या कमानीवर लावलं की सावली कमी आणि खालून वारा खेळता. लवचिक पॅनल हलकं असतं, बिमिनीवर, म्हणजे बसायच्या जागेवरच्या कापडी छतावर, शिवता येतं, पण डेकला थेट चिकटवलं की तापतं, आणि तापलं की वीज कमी देतं, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के. शिवाय त्यावर पाय पडला की सेलला बारीक भेगा जातात, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. घ्यायचंच तर वरचा थर ईटीएफई या टिकाऊ प्लास्टिकचा बघून घ्या.

खारी हवा आधी जोड खाते, म्हणून वायर कलई केलेल्या तांब्याची आणि जाड हवी, बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि कंट्रोलर होकायंत्र आणि रेडिओपासून लांब.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हौशी बोटी बऱ्याचदा वर ओढून झाकून ठेवतात, त्या महिन्यांत बॅटरी पडून पडून मरते, तेव्हा कंट्रोलर लावलेलं २० वॅटचं छोटं पॅनलसुद्धा तिला जिवंत ठेवतं, फक्त ते ताडपत्रीच्या वर बांधलेलं पाहिजे.