मोडॉक युद्ध : लाव्हाच्या भेगा आणि टूली तळ्याचं पाणी

कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यात, ओरेगनच्या सीमेलगत, मेडिसिन लेक नावाचा एक पसरट ज्वालामुखी आहे. त्याला टोकदार शिखर नाही, त्यामुळे जवळून पाहताना हा डोंगर आहे हेही चटकन लक्षात येत नाही. आकारमानाने मात्र तो कॅस्केड पर्वतरांगेतल्या सर्वांत मोठ्या ज्वालामुखींपैकी एक आहे आणि गेली सुमारे पाच लाख वर्षं तो अधूनमधून जागा होत आला आहे. त्याच्या उत्तर उतारावरून वाहत आलेला लाव्हा जिथे टूली तळ्याच्या काठाशी थबकला, तिथे १८७२-७३ च्या हिवाळ्यात मोडॉक या मूलनिवासी जमातीची दीडशेच्या वर माणसं आसऱ्याला राहिली. बायका, मुलं, म्हातारे वगळले तर लढणारे उरतात पन्नास-साठ. त्यांना तिथून हुसकायला अमेरिकी सैन्याला एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. या युद्धाच्या कथा बहुतेक वेळा शौर्य आणि विश्वासघात यांच्याच सांगितल्या जातात. दोन्ही गोष्टी तिथे होत्या, पण खडक आणि पाणी कळल्याशिवाय या युद्धाचा हिशोब लागत नाही.

आधी पाणी. लॉस्ट रिव्हर ही नदी क्लिअर लेकमधून निघते, मोठा वळसा घेते आणि टूली तळ्यात संपते. या तळ्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पाऊसमान चांगलं असेल तर ते पसरायचं, नसेल तर आकसायचं. युद्धाच्या काळात त्याचा पसारा सुमारे १,००,००० एकर असावा. टूली म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातलं, माणसापेक्षा उंच वाढणारं गवत. मोडॉक त्याच्या चटया, टोपल्या आणि तराफे करत, उन्हाळ्यातल्या झोपड्याही त्यानेच शाकारत. हिवाळ्यात घर अर्धं जमिनीत खणून वर मातीचा थर दिलेलं असायचं. वसंतात नदीतून अंडी घालायला चढणारे 'सकर' जातीचे मासे पकडायचे, नंतर माळावर इपोस नावाची कंदमुळं खणायची, शरदात पाणपक्षी. पॅसिफिक किनाऱ्याला समांतर जाणारा पक्ष्यांचा स्थलांतर-मार्ग या तळ्यांवरूनच जातो.

आणि वोकस. पिवळ्या फुलांच्या पाणलिलीचं हे बी, मोडॉक आणि त्यांचे उत्तरेकडचे शेजारी क्लॅमथ यांचं मुख्य साठवणीचं धान्य. ऑगस्टच्या मध्यापासून बायका ओंडका कोरून केलेल्या होड्यांतून बोंडं तोडायला निघत. बोंडाचा गर चिकट असतो आणि बी त्यातून सहज सुटत नाही. म्हणून काही बोंडं वाळवून कुटायची, काही ओलीच साठवून आंबू द्यायची, म्हणजे गर सैल होतो. सुटलेलं बी थोडं भाजायचं आणि पाट्यावर भरडायचं. त्यांच्या वरवंट्याला वरच्या बाजूला दोन शिंगं असत. दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलता येईल असा तो दगड या दोन जमातींची खास ओळख आहे. इथे हात हलका लागतो. जोर जास्त पडला तर दाण्याचा चुरा होऊन टरफल त्यात मिसळतं आणि मग पाखडूनही निघत नाही. पाखडलेला दाणा पुन्हा भाजला की तो फुगून तडकतो, थेट आपल्या मखान्यासारखा. मखानाही याच कुळातल्या वनस्पतीचं बी आहे. बाहेरून आलेल्यांना जी 'दलदल' दिसली, ती मोडॉकांच्या लेखी शेत आणि कोठार होती. पुढचं भांडण इथूनच सुरू होतं.

१८४६ मध्ये ॲपलगेट बंधूंनी ओरेगनकडे जाणारी दक्षिणेची वाट आखली. कोलंबिया नदीतला जीवघेणा प्रवास टळावा, हा त्यामागचा हेतू. पण ती वाट मोडॉक मुलखाच्या मधोमध गेली. बैलगाड्यांचे तांडे येऊ लागले, त्यांची जनावरं तळ्याकाठचं गवत फस्त करू लागली, शिकार पांगली. तळ्याच्या पूर्वेला कडा आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता अगदी चिंचोळा होतो. तिथे मोडॉकांनी तांड्यांवर हल्ले केले आणि त्या जागेला 'ब्लडी पॉइंट' हे नाव पडलं. १८५२ मध्ये वायरीका गावच्या बेन राइटने स्वयंसेवकांची टोळी घेऊन, तहाच्या बोलणीचं निमित्त करून, चाळीसच्या आसपास मोडॉकांना ठार मारलं. गावात त्याचं स्वागत झालं आणि पुढे सरकारने त्यालाच 'इंडियन एजंट', म्हणजे जमातींचा कारभार पाहणारा अधिकारी, नेमलं. वाटाघाटीच्या तंबूत काय घडू शकतं हे मोडॉक मुलं तेव्हा शिकली. एकवीस वर्षांनी दुसऱ्या एका तंबूत जे घडलं, ते वाचताना हे विसरून चालणार नाही.

ऑक्टोबर १८६४ च्या करारात क्लॅमथ, मोडॉक आणि याहूस्किन यांनी मिळून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन सोडली. बदल्यात मिळालेली राखीव जमीन क्लॅमथांच्या मुलखात होती. मोडॉक तिथे पाहुणे ठरले, नकोसे पाहुणे. त्यांनी कुंपणासाठी लाकूड फोडलं की क्लॅमथ म्हणत, झाडं आमची आहेत, वाटा द्या. तक्रार गेल्यावर एजंटने वाद मिटवण्याऐवजी मोडॉकांनाच जागा बदलायला लावली. शेवटी एप्रिल १८७० मध्ये किंटपुआश, म्हणजे गोऱ्यांचा 'कॅप्टन जॅक', आपल्या लोकांना घेऊन लॉस्ट रिव्हरवर परतला. नदीकाठी एक छोटी वेगळी राखीव जमीन द्यावी, एवढीच मागणी होती. ती विकत घ्यायला सुमारे २०,००० डॉलर लागले असते असा अंदाज आहे. युद्धाचा खर्च ४,००,००० डॉलरच्या वर गेल्याचं मानतात.

२९ नोव्हेंबर १८७२ च्या पहाटे घोडदळाची एक तुकडी किंटपुआशच्या वस्तीवर पोचली. शस्त्रं खाली ठेवण्यावरून गोळी सुटली. त्याच वेळी नदीच्या दुसऱ्या काठावर वसाहतवाल्यांच्या जमावाने हूकर जिम या दुसऱ्या मोडॉक म्होरक्याच्या वस्तीवर गोळीबार केला, त्यात एक बाई आणि एक तान्हं मूल मेलं. हूकर जिमची माणसं तळ्याला वळसा घालून निघाली आणि वाटेत त्यांनी डझनाहून अधिक वसाहतवाल्यांना मारलं. किंटपुआशचे लोक होड्यांतून तळं ओलांडून आले. सगळे जमले ते दक्षिण काठावरच्या लाव्हात.

हा लाव्हा मॅमथ क्रेटर नावाच्या मुखातून तीसेक हजार वर्षांपूर्वी आला. पातळ बेसाल्टचा रस उतारावर जोरात धावतो, पण तळ्याच्या सपाट खोऱ्यात पोचला की मंदावतो. वरची साय थंड होऊन घट्ट होते आणि आतून रस येतच राहतो. त्या दाबाने कवच वर उचललं जातं, ताणलं जातं आणि माथ्यावर लांब भेगा पडतात. नंतर आतला रस दुसरीकडे निघून गेला की मधला भाग खाली बसतो आणि कडा उभ्या राहतात. असं शेकडो ठिकाणी घडलं की जमीन टेंगळं, खड्डे, घळी आणि चिरा यांनी भरून जाते. काही चिरा माणूस उभा राहील इतक्या खोल. वर डोकं काढून गोळी झाडावी आणि पुन्हा आत सरकावं. दख्खनच्या बेसाल्टमध्येही ही फुगवट्याची रचना आहे, पुणे आणि धुळे परिसरातून भूवैज्ञानिकांनी ती नोंदवली आहे. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा असल्याने झिजून मातीखाली गेला; तिथला तुलनेने इतका ताजा आहे की दगडाच्या कडा अजून कातडी बूट फाडतात.

मोडॉकांनी निसर्गाच्या या कामात थोडीच भर घातली. जिथे चीर तुटली होती तिथे दगड रचून बांध घातले, आतल्या आत एका मोर्चावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा साफ केल्या, एका खोलगट भागात गुरं कोंडली. जळणाला सेजब्रशची झुडपं होती, पाणी उत्तरेला लागून तळ्यातच. कर्ली हेडेड डॉक्टर या त्यांच्या वैदूने टूलीचा लाल रंगवलेला दोर सभोवती टाकला आणि सांगितलं, हा दोर ओलांडून कुणी सैनिक आत येणार नाही.

१७ जानेवारी १८७३ ला लेफ्टनंट कर्नल व्हीटनने पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंनी हल्ला चढवला. नियमित सैनिक आणि स्वयंसेवक मिळून सुमारे चारशे. दाट धुकं होतं. गोळे आपल्याच लोकांवर पडतील म्हणून तोफा थांबवाव्या लागल्या. दोन बाजूंच्या फळ्या एकमेकींना भेटायच्या होत्या, पण मध्ये आडव्या घळी आल्या आणि रांगा मोडल्या. दिवसभर लढून बहुतेक सैनिकांना एकही मोडॉक दिसला नाही. दिसला तो दगडाच्या फटीतून निघणारा धूर. पस्तीसहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. मोडॉकांपैकी कुणीच मेलं नाही. दोराची शक्ती सिद्ध झाली, असं लोकांना वाटलं तर नवल नाही.

मग बोलणी सुरू झाली. दुभाषी विनेमा, जिला गोरे टोबी रिडल म्हणत, स्वतः मोडॉक आणि किंटपुआशच्या नात्यातली. किंटपुआशला तडजोड हवी होती. पण हूकर जिमच्या गटाला खुनाच्या खटल्यात फाशीची भीती होती, आणि बोलणी चालू असताना सैन्य रोज थोडं जवळ सरकत होतं. जमातीच्या बैठकीत किंटपुआशच्या डोक्यावर बायकांची टोपी ठेवून त्याला भित्रा म्हटलं गेलं. विनेमाने बोलणीसाठी नेमलेल्या सरकारी शांतता आयोगाला धोक्याची स्पष्ट सूचना दिली होती. ती मानली गेली नाही. ११ एप्रिलला, गुड फ्रायडेला, शांतितंबूपाशी किंटपुआशने जनरल एडवर्ड कॅनबी यांना गोळी घातली; आयोगातले पाद्री एलीझर थॉमसही मारले गेले, आयोगाचेच आल्फ्रेड मीचम जबर जखमी होऊन वाचले. ही चूक होती, नीती म्हणूनही आणि डावपेच म्हणूनही. एक जनरल गेला की सैन्य माघार घेईल हा हिशोब चुकला. उलट तोवर मोडॉकांविषयी असलेली सहानुभूतीच आटली.

१५ एप्रिलच्या हल्ल्यात सैन्याने दोन गोष्टी बदलल्या. सरळ रेषेत मारणाऱ्या तोफांसोबत उखळी तोफा आणल्या, कारण उंच उडून खाली पडणारा गोळाच चिरेत जाऊ शकतो. तरीही गोळ्यांनी थेट मेलेले फारच थोडे. एका न फुटलेल्या गोळ्याशी खटपट करताना तो फुटून माणूस गेला आणि वैदूवरचा विश्वास डळमळला. खरा घाव दुसऱ्या बदलाने घातला. दोन्ही बाजूंच्या फळ्या या वेळी तळ्याच्या काठाकाठाने पुढे सरकल्या आणि १६ तारखेला एकमेकींना मिळाल्या. पाणी तुटलं. दीडशे माणसं पाण्याविना किती दिवस काढणार? त्याच रात्री सगळे दक्षिणेकडच्या एका चिरेतून, पहारेकऱ्यांच्या जवळून, निघून गेले. १७ तारखेला सैन्य आत शिरलं तेव्हा लाव्हातली ही मोडॉकांची गढी जवळपास रिकामी होती.

पुढचे आठवडे मोडॉक बर्फावर जगले. ज्वालामुखीच्या उतारावर लाव्हाने मागे ठेवलेल्या आठशेहून अधिक गुहा आहेत. हिवाळ्यात थंड, जड हवा काही गुहांच्या तळाशी उतरते. उन्हाळ्यात वरची गरम हवा हलकी असल्याने खाली जात नाही, आणि बेसाल्टमधून उष्णता फार हळू झिरपते. म्हणून तळाशी बर्फ टिकतो. पण असा साठा थोडा असतो आणि उपसला की पुन्हा हिवाळा येईपर्यंत भरत नाही. २६ एप्रिलला स्कारफेस चार्ली या मोडॉक लढवय्याने बावीस-चोवीस माणसांसह कॅप्टन थॉमसच्या (हा पाद्री थॉमसहून वेगळा) साठाहून मोठ्या तुकडीला सँड ब्यूटपाशी गाठलं. तुकडी नीट पहारा न लावता दुपारच्या जेवणाला बसली होती. वीसहून अधिक सैनिक मेले. एवढा विजय मिळूनही पाण्यासाठी लाव्हा सोडावाच लागला. १० मे रोजी ड्राय लेकच्या लढाईत दारूगोळा लादलेली जनावरं गेली, गट फुटला. हूकर जिमच्या टोळीने शरणागती पत्करली आणि किंटपुआशचा माग काढायला सैन्याला मदत केली. १ जूनला तो पकडला गेला.

फोर्ट क्लॅमथला लष्करी खटला चालला. आरोपींना वकील नव्हता, हूकर जिमवर आरोपच ठेवला गेला नाही. ३ ऑक्टोबर १८७३ ला किंटपुआश, शॉनचिन जॉन, ब्लॅक जिम आणि बॉस्टन चार्ली यांना फाशी झाली. त्यांची डोकी कापून वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियममध्ये पाठवण्यात आली, 'वंशांचा अभ्यास' या नावाखाली. तिथून ती स्मिथसोनियनकडे गेली आणि १९८४ मध्ये नातेवाइकांना परत मिळाली. कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचं ते विज्ञान कधीच खोटं ठरलं होतं, तरी शंभरावर वर्षं गेली. याच युद्धाचे एडवर्ड मायब्रिजने काढलेले फोटो आज सर्रास फिरतात. त्यातला खडकाआडून बंदूक रोखलेला 'मोडॉक योद्धा' मोडॉक नाही; तो सैन्याच्या बाजूने लढणारा वॉर्म स्प्रिंग्ज जमातीचा टेहळ्या आहे.

उरलेल्या दीडशेंवर माणसांना रेल्वेने आजच्या ओक्लाहोमात नेलं. दमट हवा, क्षयरोग, अपुरं अन्न. पहिल्या काही वर्षांत मुलं आणि म्हातारे मोठ्या संख्येने गेले. परतण्याची परवानगी १९०९ मध्ये मिळाली.

तोवर तळंच जायला लागलं होतं. १९०५ नंतर क्लॅमथ सिंचन प्रकल्प सुरू झाला, १९१२ च्या बंधाऱ्याने लॉस्ट रिव्हरचं पाणी क्लॅमथ नदीकडे वळवलं आणि तळाची काळी जमीन माजी सैनिकांना शेतीसाठी वाटली गेली. टूली तळं आज सुमारे १३,००० एकर उरलं आहे आणि त्याची पातळी पंपांनी राखली जाते. गढीच्या उत्तरेला उभं राहिलं तर जिथे पाणी होतं तिथे बटाटा, कांदा आणि अल्फाल्फाची शेतं दिसतात. ज्या सकर माशांवर मोडॉकांचा वसंत उभा होता, त्यांच्या दोन जाती १९८८ पासून संकटग्रस्त यादीत आहेत. लॉस्ट रिव्हर सकर पन्नास वर्षांहून अधिक जगतो. म्हणून नदीत मोठे मासे दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. पण पिल्लं प्रौढ होण्याआधीच मरत असल्याने संख्या घटतेच आहे.

मोडॉकांचे वंशज आज दोन ठिकाणी आहेत : ओरेगनमध्ये क्लॅमथ ट्राइब्जमध्ये आणि ओक्लाहोमात मोडॉक नेशन म्हणून. ओक्लाहोमाच्या गटाची सरकारी मान्यता १९५० च्या दशकात काढून घेतली गेली आणि १९७८ मध्ये परत मिळाली. क्लॅमथांना १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये ओक्लाहोमाच्या मोडॉकांनी टूलीलेक गावचा छोटा विमानतळ १७,५०० डॉलरला विकत घेतला. ही जागा आटवलेल्या तळ्याच्या तळावर आहे. दुसऱ्या महायुद्धात इथेच जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेली छावणी होती, आणि त्या छावणीच्या वारसांनी या विक्रीला न्यायालयात आव्हान दिलं.