आजोबांच्या जावाचं पासिंग: इंजिन नंतर उघडा, आधी आर.सी. बुक शोधा

पडवीत पोत्याखाली पडलेली जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट बाहेर काढली की पहिली धाव मेकॅनिककडे असते. सिलिंडरचं बोअर होतं, नवा पिस्टन पडतो, टाकीला रंग चढतो, पैसे पाण्यासारखे जातात. मग कोणीतरी विचारतं, "पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, कधी संपलंय?" आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. आर.टी.ओ.च्या खिडकीवरून परत आलेले जितके जण मी पाहिलेत, त्यातले बहुतेक गाडी तयार करून मग कागदाला लागले होते. तेव्हा क्रम उलटा ठेवा.

पहिला घोळ 'व्हिंटेज' या शब्दाचा. केंद्राने १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. तिला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. गाडी कोणत्या मॉडेलची, कारखान्यातून कधी निघाली, हे इथे धरत नाहीत. डिसेंबर १९७८ मध्ये नोंदलेली येझदी डिसेंबर २०२८ पर्यंत फक्त जुनी आहे, व्हिंटेज नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. हौसेने कापून-बदलून कॅफे रेसर (रेसिंग धाटणीची गाडी) करून टाकलेल्या बुलेटसाठी ही वाट बंद. अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहन पोर्टलवरून. सोबत विमा आणि जुनं आर.सी.; आयात गाडी असेल तर कस्टमचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री. आधी नोंद असलेल्या गाडीला ५,००० रुपये, नव्या नोंदणीला २०,०००. जुना नंबर ठेवता येतो, मुदत १० वर्षं.

आता लोक न वाचता सोडतात ती ओळ. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जाणं त्यात बसत नाही. तुम्हाला गाडी चालवायचीच असेल तर मुकाट्याने साधं नूतनीकरण करा.

साध्या वाटेचा नियम असा: खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण, फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला नूतनीकरण शुल्क २,००० रुपये आहे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. उशिराचं शुल्क मोटरसायकलला महिन्याला ३०० रुपये आहे. पोर्टल किती महिने धरतंय ते पैसे भरण्याआधी पाहा, आकडा अवाच्या सवा वाटला तर लेखी विचारा. भरल्यावर विचारून उपयोग नसतो.

खरी गाठ मात्र मालकाच्या नावाशी बसते. आर.सी.वर आजोबा, आजोबा गेले, नंतर वडीलही गेले, आणि गाडी नातवाला हवी. नियम म्हणतो, मालक गेल्यावर ३० दिवसांत कार्यालयाला कळवा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करा. दुःखात हे कोणाला सुचतं? आणि इथे तर तीस वर्षं उलटलेली असतात. तरीही अर्ज करता येतो. लागतात ते दोन्ही मृत्यू दाखले, वारसांची पूर्ण यादी आणि बाकी वारसांची नाहरकत. आत्यांना विसरू नका. लग्न होऊन गेली म्हणून आत्याचं नाव गाळलेला अर्ज हमखास परत येतो, आणि मग एरवी न बोलणाऱ्या काकांकडेही सहीसाठी जावं लागतं. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीची असते, ती इथे पुरत नाही. वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. महाराष्ट्रात तो अजून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. वेळ जातो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा.

दुसरी अडचण कोणी आधी सांगत नाही: गाडी आर.टी.ओ.च्या संगणकावरच्या 'वाहन' प्रणालीत सापडतच नाही. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर नोंद जुन्या रजिस्टरात असू शकते. ती संगणकावर चढवायला लावणं म्हणजे 'बॅकलॉग एंट्री'. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज नाही, शुल्क नाही, एच.एस.आर.पी. (उच्च सुरक्षा) नंबर पाटीही नाही. मूळ कार्यालयातच जा, आर.सी. बुकाची प्रत आणि अर्ज द्या, पोच घ्या. "पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर पोच हातात असली की जरा मऊ होतं. बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. बुकावर कर्जाचा शिक्का आणि फायनान्स कंपनी केव्हाच बुडालेली, हाही नेहमीचा प्रकार; कर्ज फिटल्याच्या फॉर्म ३५ वर सही करायला कोणी उरलेलं नसतं, म्हणून जुन्या पावत्या सांभाळा. भंगारवाल्याकडून बिनकागदाची गाडी घेतलेल्यांना मात्र एकच सांगणं आहे: स्टॅम्प पेपरवर लिहून आणलेलं "मी मालक आहे" याने मालकी सिद्ध होत नाही.

चेसिस नंबर. रंगाआधी सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने घासणं), वर पावडर कोटिंगचा जाड थर, आणि तपासणीला नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली तर कागदावर काहीच उमटत नाही. नंबर पुन्हा पंच करून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, चोरीच्या गाडीचा संशय तिथूनच येतो. रंगाला टाकण्याआधी नंबराचा फोटो आणि प्रिंट काढून ठेवा, त्या जागेवर टेप लावायला सांगा. इंजिन नंबर बुकाशी जुळतो का तेही आजच पाहा.

विमा आणि पी.यू.सी. यांची फुगडी ठरलेली. विमावाला चालू आर.सी. मागतो, आर.टी.ओ. विमा मागतो. थर्ड पार्टी विम्यासाठी सरकारी विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, नूतनीकरणाच्या अर्जाची पावती दाखवा. ऑनलाइन झगडण्यापेक्षा ते सोपं पडतं. पी.यू.सी.ला ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीसाठी धुरातल्या सी.ओ. (कार्बन मोनॉक्साइड) ची मर्यादा ४.५ टक्के आणि एच.सी. (हायड्रोकार्बन) ची ९,००० पी.पी.एम. (दहा लाखांत भाग) आहे. टू-स्ट्रोक गाडी त्यात बसते, फक्त कार्ब्युरेटर साफ हवा, चोक बंद हवा आणि "जरा जास्तच बरं" म्हणून ऑइल ओतलेलं नसावं. दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करा, मगच नळी लावू द्या.

तपासणीला गाडी टेम्पोतून न्या. पासिंग संपलेल्या गाडीवरून वाटेत पडलात तर विम्याचे वांधे होतात. तिथे क्रोम कोणी बघत नाही. हॉर्न, ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, ब्रेक लाइट आणि रिफ्लेक्टर बघतात. सहा व्होल्टचा ब्रेक लाइट भर उन्हात दिसतच नाही, तेव्हा सकाळची वेळ घ्या आणि बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावा.