अस्वल दिसलं की मेल्याचं सोंग? थांबा जरा

दोन मित्र नि अस्वलाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, म्हणून अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवेळी तेच फिरतं, अस्वल दिसलं की श्वास रोखून आडवं व्हा. साफ चूक! नुसतं दिसलं तर हळूहळू मागे सरा, पळू नका, ते ताशी ५० किमीच्या वर धावतं. अंगावर यायला लागलं तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा. ग्रिझली, म्हणजे तिथलं तपकिरी अस्वल, खरंच अंगाला भिडलं तरच सॅक पाठीवर तशीच ठेवून पालथं पडायचं, मानेमागे हात, आणि काळ्या अस्वलाने हल्ला केला तर सोंगबिंग काही नाही, झुंजायचं. पार्कवाल्यांचा भर तर मुळात गाठच पडू नये यावर असतो, ९१ मीटर लांब राहा, घोळक्याने बोलत चाला, अस्वलांचा वावर असलेलं तिथलं पेलिकन व्हॅली हे खोरं तर १ एप्रिल ते ३ जुलै बंदच. हो, आणि तो स्प्रे सॅकच्या तळाशी नको, कमरेला!