एम३ नंतर थोडं थांबा
(आमच्याकडून व्हीएफडी स्पिंडलचं छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमांवर लाकूड-अॅक्रिलिक कोरणारं मशीन, घेतलेल्या ग्राहकांसाठी)

मशीन घरी पोचलं की पहिल्या पंधरवड्यात आम्हाला बरेच फोन येतात आणि त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: "बिट मोडला हो." फाइल पाठवा म्हटलं की कारण चौथ्या-पाचव्या ओळीत सापडतं. एम३ हा सुरू होण्याचा हुकूम मिळाल्यावर स्पिंडल (कोरणारा बिट फिरवणारी मोटार) अजून वेग धरत असतानाच झेड (वर-खाली जाणारा अक्ष) खाली उतरलेला असतो.

तुमच्या मशीनमध्ये स्पिंडलकडून कंट्रोलरकडे परत येणारी तार नाही. कंट्रोलर "फीर" म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीवर जातो. स्पिंडल खरंच फिरला का, किती वेगाने फिरला, की व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा डबा) ट्रिप होऊन, म्हणजे स्वतःहून बंद पडून, गप्प बसला, यातलं काहीच त्याला कळत नाही. ते पाहायचं काम तुमचं.

एक सूचना: कोड इथे मराठीत छापले आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा.

किती थांबायचं?

बिट काढा, तो धरणारं कॉलेट आणि नटही काढून ठेवा. कंट्रोलरवरून एम३ एस१८००० (मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फीर) द्या आणि घड्याळ लावा. व्हीएफडीच्या पडद्यावरचा आकडा चढत चढत ज्या क्षणी स्थिर होईल, तिथवरचे सेकंद मोजा आणि त्यात दोन मिळवा. समजा एकूण आठ झाले, तर प्रत्येक फाइलमध्ये एम३ च्या लगेच खाली जी४ पी८ (आठ सेकंद थांब) ही ओळ हवी. दर वेळी हाताने घालत बसू नका, एक दिवस विसरालच. फाइल बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरच्या पोस्ट प्रोसेसरमध्ये (फाइल कशी लिहायची ते ठरवणारा साचा) ती एकदाच घालून ठेवा. जमत नसेल तर पोस्टची फाइल आम्हाला पाठवा, बदलून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.

जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरमधलं फर्मवेअर) पी म्हणजे सेकंद. त्याऐवजी मॅक३ हे संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर जनरल कॉन्फिगमध्ये डोकवा. तिथे जी०४ मिलिसेकंदात धरण्याची खूण असते. ती लागलेली असेल तर पी८ म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग गुणिले आठ, म्हणजे थांबणं नावालाही नाही. मॅक३ मध्ये स्पिंडल सेटअपच्या पानावर वेग धरण्यासाठी थांबायचा वेळ वेगळा भरता येतो. तो भरलात तर जी४ ची गरजच नाही.

थांबायचं नको म्हणून काही जण व्हीएफडीचा वेग धरण्याचा वेळ, म्हणजे त्याची पीडी०१४ ही सेटिंग, एकदम कमी करतात. मग सुरू होताना जास्त करंट ओढला जातो आणि व्हीएफडी ट्रिप होतो. पीडी०१५, म्हणजे थांबण्याचा वेळ, फार कमी केला तर थांबताना व्होल्टेज चढून ट्रिप होतो. लाकडाच्या कामात आठ सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही.

बारा हजार मागितले, चोवीस हजार मिळाले

डिचोलीच्या एका ग्राहकाने नावाची पाटी कोरताना अॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटल्याचा फोटो पाठवला. फाइलमध्ये एस१२००० होतं, फीडही (पुढे सरकण्याचा वेग) बरोबर होता. पण व्हीएफडीचा पडदा ४०० हर्ट्झ दाखवत होता. आमच्या स्पिंडलला दोन पोल आहेत, म्हणजे हर्ट्झ गुणिले साठ केलं की फेरे मिळतात: ४०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला २४,००० फेरे. १२,००० साठी पडद्यावर २०० दिसायला हवं होतं.

चूक जीआरबीएलच्या डॉलर ३० या सेटिंगमध्ये होती. हा कमाल वेगाचा आकडा मुळात १००० असतो. आम्ही तो २४००० करून देतो, पण त्यांनी लॅपटॉप बदलताना फर्मवेअर नव्याने टाकलं आणि तो परत १००० वर गेला. कंट्रोलरच्या हिशेबाने १००० च्या वरचा कुठलाही एस म्हणजे पूर्ण वेग. तेव्हा फर्मवेअरला हात लावलात की डॉलर डॉलर टाइप करून यादी काढा आणि तीन ओळी बघा: डॉलर ३० ला २४०००, डॉलर ३१ (किमान वेग) ला ०, डॉलर ३२ ला ०.

डॉलर ३२ हा लेझर मोड आहे. लेझरचं हेड लावून खेळून झालं की तो १ वरच राहतो. मग जी० च्या (न कापता सरकण्याच्या) चालीत स्पिंडल थांबतो आणि जी१ (कापण्याची चाल) आला की पुन्हा सुरू होतो. आवाज असा येतो की मशीनला उचकी लागली आहे.

त्यानंतरही पडद्यावरचा आकडा थोडा कमी-जास्त येत असेल तर कंट्रोलरचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) शून्य ते दहा व्होल्टमध्ये बदलणाऱ्या छोट्या बोर्डावरचा स्क्रू पाहा. एस२४००० दिल्यावर मल्टीमीटरवर १० व्होल्ट येईपर्यंत तो अगदी हळू फिरवा. हेही बिट काढूनच.

व्हीएफडीच्या आतले आकडे

हे आम्ही भरून, लिहून, झाकणाच्या आत चिकटवून देतो. पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही १, म्हणजे सुरू-बंद आणि वेग दोन्ही बाहेरून येणार. पीडी००४ आणि पीडी००५, म्हणजे मूळ आणि कमाल हर्ट्झ, दोन्ही ४००. पीडी०११ (किमान हर्ट्झ) ला १२०, म्हणजे ७,२०० फेऱ्यांच्या खाली जायचं नाही. एअर-कूल्ड स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे स्पिंडल हळू फिरला की वाराही कमी आणि तो तापतो. पीडी१४२ मध्ये स्पिंडलच्या पट्टीवर छापलेला अँपिअरचा आकडा.

पीडी०१३ मध्ये कधीही ८ भरू नका. त्याने सगळं कारखान्याच्या मूळ सेटिंगवर जातं. ते सेटिंग ५० हर्ट्झच्या साध्या मोटारीसाठी असतं. तसाच स्पिंडल चालवला तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळून वाइंडिंग जळतं. तसा वास एकदा आमच्याच वर्कशॉपात आला होता, आणि तो स्पिंडल आम्ही नव्या मुलांना दाखवायला कपाटावर ठेवला आहे.

व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मध्ये कुठलाही स्विच टाकू नका. झाकण उघडायचं असेल तर मेन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

पावसाळा आणि चवथ (गणेशचतुर्थी)

जूनपासून झाकून ठेवलेलं मशीन मखराचं काम आलं की एकदम बाहेर निघतं. दोन-तीन महिने दमट हवेत राहिलेल्या स्पिंडलला पहिल्याच दिवशी १८,००० वर नेऊ नका. बेअरिंगमधलं ग्रीस पसरायला वेळ द्या: ८,००० वर तीन मिनिटं, १२,००० वर तीन, १६,००० वर तीन. वॉटर-कूल्ड असेल तर आधी पंप, नळीतून पाणी परत येताना दिसलं की मगच स्पिंडल. कॉलेटवर गंज चढला असेल तर घासून वापरू नका, नवं घ्या. बिट वाकडा फिरतो आणि दोष मशीनवर जातो.

आता लाईटचं. हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. काम चालू असताना लाईट गेली, तर स्पिंडल आणि अक्ष सरकवणाऱ्या मोटारी थांबतात, पण कंट्रोलर यूएसबीवरून लॅपटॉपच्या बॅटरीवर चालूच राहतो. फाइल पुढे सरकत असते आणि "फीर" हा हुकूमही तसाच असतो. दहा मिनिटांनी लाईट आली की स्पिंडल आपोआप फिरू शकतो, मोटारी जागच्या सुटलेल्या असतात आणि बिट कुठेही घुसतो. तुमचा हात तेव्हा लाकडावरचा भुसा झाडत असेल. म्हणून लाईट जाताच पहिलं काम इमर्जन्सी स्टॉप, दुसरं मेन बंद, तिसरं सॉफ्टवेअरमध्ये रिसेट. लाईट आल्यावर होमिंग करा (मशीनला त्याची मूळ जागा पुन्हा शोधू द्या), झेडचं शून्य तपासा. फाइल मधूनच सुरू करायची असेल तर वरची एम३ ची ओळ मागे राहिली नाही ना, ते पाहा. राहिली असेल तर न फिरणारा बिट फणसाच्या फळीत घुसेल.

स्पिंडल सुरू होताच अलार्म १ येऊन मशीन थांबत असेल तर लिमिट स्विच (अक्ष हद्दीला टेकल्याचं सांगणारा) बिघडलाय असं समजून तो बदलू नका. बहुतेक वेळा स्पिंडलच्या केबलमधला विद्युत गोंगाट शेजारच्या स्विचच्या तारेत शिरतो. दोन्ही तारा वेगळ्या बाजूंनी न्या आणि स्पिंडलच्या केबलची जाळी व्हीएफडीच्या टोकाला अर्थ केलेली आहे का, ते मेन बंद करून बघा.

एवढं करूनही अडलं तर फोन करा, नंबर मशीनच्या मागच्या पट्टीवर आहे. व्हीएफडीच्या पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी कागदावर उतरवा, आणि बोलताना स्पिंडल बंद ठेवा. मागच्या वेळी एकाशी पाच मिनिटं बोलत होतो आणि आम्हाला फक्त त्यांचा स्पिंडल ऐकू आला.