आधी तीन अँप्युल, मग सहा, मग बारा

"आम्ही आधी आलो होतो, पण डॉक्टर धावले नंतर आलेल्याकडे." कॅज्युअल्टीबद्दलची ही तक्रार जळगाव-धुळ्याकडे नेहमी कानावर येते. पण आपत्कालीन विभागात नंबर लागतच नाही. कोणाचा श्वास, रक्ताभिसरण किंवा शुद्ध हातची चालली आहे, ते दारातच पाहतात. कापलेल्या बोटाचे टाके अर्ध्या तासाने घातले तरी चालतात.

कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेला शेतकरी आणला जातो, तेव्हा हे नीट दिसतं. अंगाला औषधाचा उग्र वास, तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, दंडाच्या कातडीखाली फडफडणारे स्नायू. आधी त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुतात, कारण विष कातडीतूनही आत जात असतं.

आत काय घडतं? मज्जातंतू ग्रंथींना आणि स्नायूंना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून. काम झालं की कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते क्षणात पुसून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक नेमकं या विकरालाच चिकटतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, फुफ्फुसातला स्राव वाहतच राहतो. कोरड्या रानात उभा असलेला माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडू लागतो.

अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचं इंजेक्शन ग्रंथींवरची ती निरोपाची जागा अडवतं. आपल्याकडच्या एका अँप्युलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुपीत, साधारण 0.6 मिलिग्रॅम असतं. नर्स पटापट तीन फोडते. पाच मिनिटांनी छातीत घरघर तशीच असेल तर सहा, मग बारा. थांबायचं कुठे, हे बाहुल्यांवरून नाही, स्टेथोस्कोपमधून ठरतं : फुफ्फुसं कोरडी वाजली पाहिजेत, नाडी आणि रक्तदाब सावरले पाहिजेत. स्नायूंवर मात्र अ‍ॅट्रोपीन चालत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटरच लागतो.

एवढं उलगडलेलं असताना 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेण्यात तास घालवणं जीवघेणं आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणंही तसंच, ती उलटी फुफ्फुसात उतरते. पोलीस केसची भीती नको : आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे. 108 ला फोन करा.

आणि औषधाची बाटली लेबलसकट सोबत आणा. ते कार्बामेट या दुसऱ्या गटातलं कीटकनाशक असेल तर विकर बहुधा दिवसभरात आपोआप सुटं होतं. काही ऑर्गॅनोफॉस्फेट मात्र काही तासांतच त्याला कायमचं जखडतात.